क्रम आणि हाक

गिरगावातल्या वाडीत पूर्वी लग्नाची पंगत बसे. पाने मांडली, रांगोळ्या काढल्या, की वाढप्यांची फेरी सुरू होई. एक जण मीठ-लिंबू ठेवून पुढे सरके, त्याच्यामागून चटणी-कोशिंबीर, मग भाज्या, मग वरण-भात आणि त्यावर तुपाची धार. कोणाला काय हवे, हे विचारण्याचा प्रश्नच नसे. पाने मोजलेली, पदार्थ ठरलेले आणि क्रमही ठरलेला. शंभर पानांची पंगत मोजके वाढपी बिनबोभाट उठवीत.

आता त्याच गिरगावातल्या एखाद्या उपाहारगृहात डोकावू या. इथे कोणी आत्ता येतो, कोणी अर्ध्या तासाने. एकाला मिसळ हवी, दुसऱ्याला नुसता चहा, तिसरा बिलासाठी खोळंबलेला. वेटर एका टेबलाची ऑर्डर घेतो, आत सांगतो आणि तिथे ताटकळत न बसता दुसऱ्या टेबलाकडे वळतो. मिसळ तयार झाली की आतून हाक येते, मग तो ती उचलतो. पंगतीचा शिस्तबद्ध क्रम इथे आणला, तर पहिल्या गिऱ्हाइकाची मिसळ होईपर्यंत बाकीचे सगळे उपाशी बसतील. नाहीतर प्रत्येक टेबलामागे एक वेटर उभा करावा लागेल.

पंगत क्रमाने चालते, हॉटेल हाकेने चालते. संगणकाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे आज अनेक दशके नेमकी हीच निवड उभी आहे. पहिल्या पद्धतीला ते 'सिक्वेन्शियल' म्हणतात. त्यात पहिली आज्ञा पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. दुसरीला म्हणतात 'इव्हेंट-ड्रिव्हन'. त्यात प्रोग्राम कान देऊन बसलेला असतो आणि जी घटना घडेल तिला ओ देतो. बटण दाबले गेले, निरोप आला, वेळ संपली, की त्या त्या घटनेसाठी लिहून ठेवलेला तुकडा चालतो.

ऐकताना हा तंत्रज्ञांचा आपापसातला वाद वाटेल. पण हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. आपल्या मुंबईत तो आधी रेल्वेच्या रुळांवर आणि गिरणीच्या साचेखात्यात उभा राहिला. चुकीच्या निवडीची किंमत काय असते, हेही तिथेच नीट कळते. म्हणून सुरुवात तिथून करू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्या दिवशी तिच्यामागून दुसरी गाडी यायची नव्हती, त्यामुळे टक्कर होण्याची चिंताही नव्हती. खरा प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या गाडीमुळे. पहिली गाडी गेल्यावर दुसरी केव्हा सोडायची? इंग्लंडमध्ये सुरुवातीला याचे उत्तर घड्याळावर सोपवलेले होते. पहिली गाडी सुटून ठरावीक मिनिटे झाली, की दुसरी सोडायची. हिशेब सोपा होता. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. पहिली गाडी तेवढ्या वेळात पुढे गेलेलीच असणार! ती वाटेत अडली असेल, तर मागच्या स्टेशनाला ते कळायची सोय नव्हती.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ या गृहीताचा भीषण हिशेब चुकता झाला. सहलीला निघालेल्या लोकांची, त्यात पुष्कळ मुले, गच्च भरलेली गाडी चढावर अडली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी न्यावा असे ठरले. मागचे डबे उतारावरून घसरत आले आणि ठरावीक मिनिटांनी मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी मार्गांवर 'ब्लॉक' पद्धत सक्तीची केली. ब्लॉक म्हणजे रुळांचा एक टप्पा. पुढच्या स्टेशनावरून 'गाडी पोचली' असा तारेने निरोप आल्याशिवाय त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडायची नाही. घड्याळाच्या जागी घटना आली.

तारेने निरोप देणारा माणूसही चुकू शकतो. त्यावरचा उपाय अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली शोधलेला होता. रुळांतूनच हलकासा विद्युतप्रवाह सोडायचा. गाडी त्या टप्प्यात आली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळ जोडतात, प्रवाह मधल्यामध्ये वळतो आणि सिग्नल लाल होतो. यातली खरी हुशारी पुढेच आहे. रूळ तुटला, तार निसटली, बॅटरी संपली, तरीही सिग्नल लालच होतो. निरोप आला नाही, तर धोका आहे असेच समजायचे! सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे तत्त्व पुढे पुन्हा नव्याने शिकावे लागले.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची गाडी धावू लागली. विजेच्या गाड्या एकीमागे एक लवकर लवकर सोडता येतात, मग सिग्नलही तितकेच चपळ हवेत. १९२८ साली जीआयपी रेल्वेने व्हीटी ते भायखळा या पट्ट्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसवले. देशातले ते पहिले. आजही दादरच्या फलाटावर उभे राहून पाहा. गाडीची वेळ झालेली असते, लोक दाराला लोंबकळत असतात, पण पुढे लाल दिवा असला की मोटरमन गाडी हलवत नाही. वेळापत्रक हा क्रम आहे, सिग्नल ही घटना आहे. दोघांत मतभेद झाला तर कोणाचे ऐकायचे, ते आधीच ठरलेले आहे.

पण म्हणून क्रम रद्द झाला का? मुळीच नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची, तर आधी सांधे फिरवायचे, मग ते जागेवर अडकवून पक्के करायचे आणि त्यानंतरच सिग्नल द्यायचा. हा क्रम उलटा करता येऊ नये, म्हणून केबिनमधल्या खटक्यांना एकमेकांत अडकवून टाकलेले असते. गाडी केव्हा येईल, ही बाहेरची घटना. ती आल्यावर काय काय करायचे, हा आतला काटेकोर क्रम. दोन्ही एकाच केबिनमध्ये नांदतात.

आता रुळ सोडून लालबाग-परळच्या गिरण्यांकडे वळू. १८५६ साली ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा परिसर गिरणगाव झाला. तिथले साचेखाते, म्हणजे विणकाम खाते, हे कानठळ्या बसवणारे ठिकाण. शेकडो साचे एकाच वेळी खडखडत असत, शेजारच्याशी बोलायचे तर खुणांनी. साच्याचे स्वतःचे काम अगदी क्रमवार असते. उभे धागे वर-खाली उघडतात, त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो, फणी तो धागा ठोकून बसवते, आणि पुन्हा पहिल्यापासून. मिनिटाला शंभरावर वेळा हेच, बिनचूक.

पण धागा तुटतो. केव्हा तुटेल हे कोणी सांगू शकत नाही. आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली तर साचा आपोआप थांबावा, अशी सोय लँकेशायरमध्ये १८४० च्या दशकातच झाली होती. उभा धागा तुटला, तर मात्र साधा साचा तसाच चालत राही आणि कापडात दोष विणला जाई. म्हणून कामगाराला आपल्या साच्यांभोवती फिरत राहावे लागे. या साच्यावर नजर, मग त्या साच्यावर, पुन्हा या साच्यावर. काही घडलेले नसले तरी पाहत राहायचे. संगणकवाले याला 'पोलिंग' म्हणतात. पुन्हापुन्हा जाऊन 'काही झाले का?' असे विचारणे, म्हणजे पोलिंग.

अमेरिकेत १८९५ च्या सुमारास नॉर्थ्रॉप नावाचा स्वयंचलित माग बाजारात आला. त्यात रिकामी कांडी आपोआप बदलली जाई. शिवाय प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक बारीक पट्टी लटकवलेली होती. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. थांबलेला माग हीच कामगाराला हाक. आता फिरत राहून पाहण्याची गरज उरली नाही, जो थांबेल त्याच्याकडे जायचे. त्यामुळे एक माणूस डझनाहून अधिक माग सांभाळू शकू लागला. आजचा एखादा सर्व्हर एकाच वेळी हजारो गिऱ्हाइके सांभाळतो, त्यामागची युक्ती हीच आहे.

मुंबईत या गोष्टीला दुसरी बाजू होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मालकांनी 'रॅशनलायझेशन'चा धोशा लावला. साधारणपणे एका कामगाराकडे दोन साचे असत, ते तीन करायचे असा प्रयत्न सुरू झाला. साचे मात्र बहुतेक ठिकाणी जुनेच, साधे. म्हणजे हाक मारणारे यंत्र द्यायचे नाही, पण हाकेवर चालणाऱ्या कामाचा हिशेब मात्र लावायचा! नजर ठेवण्याचे कष्ट दीडपट झाले आणि तिसऱ्या साच्यामागे कोणाची तरी नोकरी जाणार हेही उघड होते. एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. संपाची कारणे अनेक होती, पण एका माणसाने किती साच्यांकडे पाहायचे, हे त्यांतले एक मोठे कारण होते.

या साचेखात्याने शिकवलेली एक गोष्ट पुढे उपयोगी पडते. एक माणूस पुष्कळ साचे सांभाळू शकतो, पण एका अटीवर. प्रत्येक साच्याकडे जाऊन करायचे काम थोडक्यात उरकणारे हवे. एका साच्यावर पन्नास धागे एकदम तुटले आणि कामगार तासभर तिथेच अडकला, तर त्याचे बाकीचे साचेही एकामागून एक थांबत जातील आणि तसेच उभे राहतील.

गिरणगावाच्या दक्षिणेला, मुंबईच्या अगदी टोकाला कुलाबा. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा कारभार पूर्वी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीतून चाले. डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संस्थेतल्या तरुणांनी १९५० च्या दशकात स्वतः एक संगणक बांधला. फेब्रुवारी १९६० मध्ये तो रीतसर सुरू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. भारतात आराखड्यापासून बांधला गेलेला हा पहिला मोठा संगणक. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची. आजच्या साध्या मोबाइलपुढे ती नगण्य आहे.

टिफ्रॅक पंगतीच्या पद्धतीने चाले. एक आज्ञा, मग दुसरी, मग तिसरी. ते योग्यही होते, कारण शास्त्रज्ञांना गणिते सोडवायची होती. सगळे आकडे आधी हातात असत, मध्येच येऊन कोणी काही मागत नसे. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि देशभरातले संशोधक आपली कार्डे घेऊन कुलाब्याला येऊ लागले. इथे एक अडचण ठळक झाली. मिनिटाला हजार कार्डे वाचणारे यंत्र घेतले, तरी एका कार्डाला साठ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात असा संगणक हजारो आज्ञा पार पाडू शकतो. क्रमाचा हट्ट धरला, तर लाखो रुपयांचे यंत्र पुढच्या कार्डाची वाट पाहत हात बांधून बसणार.

यावर दोन उपाय निघाले. पहिला कामाच्या वाटणीचा. कार्डे वाचणे, छापणे असली सावकाश कामे सांभाळायला सीडीसी ३६०० च्या जोडीला १६०-ए हा छोटा संगणक होता. दुसरा उपाय म्हणजे 'इंटरप्ट'. तो १९५० च्या दशकातच संगणकांत आला होता. संगणक आपले गणित करत राहतो. कार्ड वाचून झाले की वाचणारे यंत्र विजेच्या संकेताने हाक मारते. संगणक हातातले काम जिथल्या तिथे खूण करून ठेवतो, हाकेला ओ देतो आणि परत मूळ कामाकडे येतो. गिरणीतल्या मागावरची धातूची पट्टी इथे विजेच्या रूपात आली, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही सामान्य प्रोग्राम लिहिणाऱ्याला या हाकांचा पत्ता नसे. त्या झेलणे हे संगणकाच्या कारभारी सॉफ्टवेअरचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम. आपण आपला क्रमवार प्रोग्राम लिहावा. ही सुखाची वाटणी मोडली ती माऊसने. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंतोश आला, १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे विंडोज आले. पडद्यावर दहा बटणे, चार याद्या. वापरणारा आधी कुठे टिचकी मारेल हे कोण सांगणार? क्रम आता प्रोग्रामरच्या हातून वापरणाऱ्याच्या हातात गेला. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आले आणि नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली निघालेल्या संगणक वर्गांतली मुले 'हे बटण दाबले तर हे कर' अशा तुकड्यांत प्रोग्राम लिहू लागली. कोबोल शिकून आलेल्याला हे चमत्कारिक वाटणे साहजिक होते. वरून खाली वाचत जावे अशी गोष्टच उरली नव्हती.

पुढे इंटरनेट आले आणि उपाहारगृहाचा प्रश्न अक्राळविक्राळ झाला. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक वेटर, ही पद्धत शेकड्यांपर्यंत ठीक. पण दहा हजार गिऱ्हाइके एकदम आली तर? अमेरिकी प्रोग्रामर डॅन केगल यांनी १९९९ साली नेमका हाच आकडा घेऊन प्रश्न मांडला. २००४ साली रशियाच्या इगोर सिसोएव यांनी एन्जिनएक्स हा सर्व्हर लोकांना खुला केला आणि २००९ मध्ये रायन डाल यांचे नोड जेएस आले. दोघांचीही तऱ्हा एकच. थोडे कामगार आणि पुष्कळ साचे. आणि अटही तीच जुनी. एका हाकेवर फार वेळ रेंगाळायचे नाही, नाहीतर सगळ्यांचे साचे थांबतील.

मग सगळेच हाकेवर का चालवू नये? इथे एक उदाहरण घेऊ. गावी जायचे आरक्षण काढायचे आहे. जागा आहे का पाहा, ती राखून ठेवा, बँकेकडून पैसे घ्या, तिकीट द्या. क्रमाने लिहिले तर चार ओळी. लहान मुलालाही कळतील. हाकेच्या पद्धतीत बँकेला विचारून प्रोग्राम दुसऱ्या कामाला निघून जातो. उत्तर येईल तेव्हा आपण कुठवर आलो होतो, कोणाची जागा राखली होती, हे सगळे कुठे तरी टिपून ठेवावे लागते. दरम्यान प्रवाशाने 'रद्द' दाबले तर? बँकेचे उत्तर दोनदा आले तर? आलेच नाही तर? चार ओळींच्या जागी चाळीस शक्यता उभ्या राहतात. त्यांतली एक जरी विसरली, तर पैसे जातात आणि तिकीट मिळत नाही. उत्तर न येणे हीही एक घटना मानायची, हा रुळांवरच्या लाल दिव्याचा धडा इथे गिरवावा लागतो.

जाणकारांतही या प्रश्नावर एकमत झाले नाही. १९७९ साली ह्यू लॉअर आणि रॉजर नीडहॅम यांनी दाखवून दिले, की निरोपांवर चालणारी रचना आणि सलग प्रक्रियांची रचना ही एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखी आहेत. एकीचे रूपांतर दुसरीत करता येते. १९९६ साली जॉन ऑस्टरहाउट यांनी बहुतेक कामांसाठी घटनाच बऱ्या, असा पक्ष मांडला. २००३ साली बर्कलेच्या संशोधकांनी त्याच्या नेमके उलटे प्रतिपादन केले. नंतर प्रोग्रामिंगच्या भाषांनीच मधला मार्ग काढला. २०१२ मध्ये सी-शार्प, २०१५ मध्ये पायथन आणि २०१७ मध्ये जावास्क्रिप्ट या भाषांत अशी सोय आली, की प्रोग्रामरने लिहायचे क्रमाने आणि आतून ते चालायचे मात्र हाकेने. वाचणारा माणूस आहे आणि माणसाला गोष्ट सलग लागते, याची ही कबुलीच म्हणायची.

ही निवड मुंबईच्या पैशाच्या व्यवहारातही दिसते. दलाल स्ट्रीटवर पूर्वी ओरडून सौदे होत. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे संगणकावरचे व्यवहार सुरू केले. ऑर्डर देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून, कुठल्याही क्षणी येते, म्हणजे ही शंभर टक्के घटनांची दुनिया. पण त्याच शंभर शेअर्सवर दोघांनी एकाच भावाने बोली लावली, तर ते द्यायचे कोणाला? ज्याचा भाव चांगला त्याला, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याला. म्हणजे आलेल्या प्रत्येक ऑर्डरला आधी रांगेत जागा द्यायची आणि मग एकेक निकालात काढायची. हाका कितीही असोत, वाटायची वस्तू एकच असेल तर शेवटी रांग लावावीच लागते. इथे रांग हाच न्याय आहे.

फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. २६ मार्च २००४ रोजी सुरू झालेल्या आरटीजीएसमध्ये मोठ्या रकमेचा प्रत्येक व्यवहार आला तसा, एकेकटा मिटवला जातो. २००५ मध्ये आलेल्या एनईएफटीमध्ये व्यवहार गोळा करून दर अर्ध्या तासाने त्यांची एक तुकडी मिटवतात. तुकडीत बँकांची आपापसातली देणी-घेणी वजा होऊन थोडीच रक्कम प्रत्यक्ष हलवावी लागते. आरटीजीएसमध्ये ही बचत नाही, पण व्यवहार त्या क्षणी पक्का होतो. धनादेशांची कहाणी तर याहून बोलकी. वर्षानुवर्षे ते तुकडीनेच वटत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र दिवसभर, जसजसे येतील तसतसे पुढे पाठवण्याची पद्धत सुरू झाली. ज्या काळी कागद गाडीतून न्यावा लागे, त्या काळी तुकडीच शहाणपणाची होती. कागदाऐवजी त्याचे चित्र जाऊ लागल्यावर ती सक्ती उरली नाही. निवड एकदा करून कायमची संपत नाही, ती परिस्थितीबरोबर पुन्हा तपासावी लागते.

मग निवडायचे कसे? या सगळ्या इतिहासातून तीन प्रश्न हाती लागतात. पहिला, कामाचा क्रम कोणाच्या हातात आहे? आपल्या हातात असेल, म्हणजे पगारपत्रक, परीक्षेचा निकाल, खगोलाचे गणित, तर सरळ क्रमाने लिहावे. तो कमीपणा नाही. क्रम बाहेरच्या जगाच्या हातात असेल, तर हाकेला ओ देण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा प्रश्न, वाट पाहण्याची किंमत किती? एकच गिऱ्हाईक असेल आणि ते थांबायला तयार असेल, तर हाकांचा पसारा कशाला मांडायचा? आणि तिसरा, हाक आलीच नाही, दोनदा आली किंवा चुकीच्या वेळी आली, तर काय होईल? याचे उत्तर कागदावर लिहिता येत नसेल, तर ती पद्धत अजून आपल्याला पेलणारी नाही.

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत पुष्कळ मुले-मुली सॉफ्टवेअर लिहीत बसतात. नव्या पद्धतीची हवा असते, सगळे हाकेवर चालवा असा आग्रह वरूनही येतो. त्यांनी पायाखालच्या जमिनीचा इतिहास एकदा आठवावा. याच भागात कधी काळी दोनाचे तीन साचे करण्यावरून सहा महिने भोंगे बंद पडले होते. आकडा वाढवण्याआधी साच्यावर पट्टी लटकवलेली आहे का, हे बघायचे असते. आणि ती पडली, तर धावत जायला माणूस मोकळा आहे का, हेही.